टेंभरडोहच्या नोंदीचे थर

मृणाल लांजेवारनं पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि शालिक वासेकरनं ते झाकण उघडायच्या आधीच ओळखलं. काळं, विटेसारखं जाड, चार किलो वजनाचं, उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेलं. तो टवका त्याच्याच हातून उडाला होता. जीपमधून उतरताना, बेचाळीस वर्षांपूर्वी.

“काकाजी, ओळखलं का मला?”

“उद्धवरावांची मुलगी ना तू?” तो म्हणाला, पण त्याचे डोळे यंत्रावरून हलले नाहीत. “केवढीशी होतीस.”

“आता चव्वेचाळीसची झाले.” ती हसली. “नागपुरात दातांचा दवाखाना आहे माझा. आई गेली मागच्या महिन्यात. घर आवरताना माळ्यावर हे सापडलं. बाबांनी गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. म्हटलं, हे चालू करणारा माणूस एकच. बाबा म्हणायचे, शालिकच्या हाताला यंत्र वश होतं.”

शालिकनं खुर्चीवरचे जुने कीबोर्ड उचलून जमिनीवर ठेवले. “बस. चहा सांगतो.”

“चहा नंतर. आधी सांगा, हे होईल का? मला अठरा तारखेच्या आत पाहिजे.”

“अठरालाच काय आहे?”

“टेंभरडोहला फेरचौकशी आहे, काकाजी. मी अर्ज केला होता. मंजूर झाला.”

शालिकनं यंत्राचं झाकण उघडलं. बघण्यासारखं त्यात अजून काही नव्हतं, पण उघडलेल्या झाकणामागे तोंड लपत होतं. मरत आलेल्या जुन्या पडद्याला येतो तसा शिर्क्याचा आंबूस वास दरवळला. बिजागरीचं प्लास्टिक हात लावताच चुरमुऱ्यासारखं तुटलं.

“होईल,” तो म्हणाला. “पण यातलं काही वाचता येईल असं मी आत्ता सांगू शकत नाही.”

“वरचं नाही वाचायचं मला. खालचं वाचायचंय.”

हे ती बोलणार, हे त्याला कळायला हवं होतं. त्याच्या दुकानात आताशा लोक त्यासाठीच येत.

दुकान वणीच्या बसस्थानकासमोर होतं. २०४१ साली संगणक दुरुस्त करून घेणारं कोणी उरलं नव्हतं; लोकांचं सगळं काम मनगटावरच्या पट्टीत मावे, आणि पट्टी बिघडली की फेकून देत. शालिक जगला तो जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या चार हौशी लोकांवर. मग तीन वर्षांपूर्वी थरवाचक आला आणि त्याच्या दाराशी रांग लागली.

गोष्ट अशी होती. जुन्या संगणकात माहिती साठवायला एक गोल चकती असे, तिच्यावर चुंबकाचा पातळ लेप. चकती फिरे आणि तिच्यावरून अधांतरी जाणारं एक बारीक टोक लेपातल्या कणांची तोंडं या बाजूला किंवा त्या बाजूला वळवत जाई. ती वळलेली तोंडं हीच अक्षरं. नोंद बदलली की त्याच जागी नवी अक्षरं उमटत, आणि जुनी गेली असं सगळे धरून चालत. पण ते टोक दरवेळी तंतोतंत त्याच रेषेवरून जात नसे. उन्हाळ्यात त्याचा दांडा किंचित लांबे, थंडीत आखडे. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसून वर दुसरं लिहिलं तर कडेला जुन्याचं शेपूट राहतं, तसं जुन्या नोंदीचं काठ राहून जाई. ते इतकं क्षीण असे की ते वाचेल असं यंत्रच नव्हतं.

मग कुणीतरी हिऱ्याची सुई बनवली. हिऱ्यातला कार्बनचा एक अणू काढायचा, शेजारी नायट्रोजनचा एक बसवायचा. असा मुद्दाम ठेवलेला दोष जवळच्या चुंबकाला फार हळवा होतो. हिरव्या प्रकाशात तो चमकतो आणि चुंबकाप्रमाणे त्याची चमक कमीजास्त होते. ही सुई चकतीवरून फिरवली की काठांची अक्षरं दिसू लागली. एका नोंदीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. पहिला थरवाचक एका खोलीएवढा होता. आताचा शालिकच्या टेबलावर शिलाई मशीनएवढ्या जागेत बसला होता.

खोडलेलं काही खोडलेलं राहिलं नाही. तीस वर्षांचे संसार एका पुसलेल्या पत्रावरून मोडले. बंद झालेले खटले उघडले. गिऱ्हाइकं दोनच प्रकारची होती. एक, वाचून द्या म्हणणारी. दुसरी, वितळवून द्या म्हणणारी. मागच्याच आठवड्यात एक निवृत्त हेडमास्तर आले होते.

“वाचू नका. वितळवा. माझ्यासमोर.”

“एवढं काय आहे त्यात, गुरुजी?”

“काही नाही. म्हणूनच वितळवा.”

शालिक तेव्हा पोट धरून हसला होता.

“मी पंधराची होते,” मृणाल सांगत होती, “तेव्हा बाबांना काढलं. टेंभरडोहची तीस-पस्तीस पोरं पायांनी वाकडी झाली, आणि पंप चांगला आहे असं बाबांच्या यादीत होतं. यादीवर त्यांच्याच नावाची अक्षरं, यू.एल. चौकशीत बाबा एवढंच म्हणाले, मला आठवत नाही. घरात बसून आकडे भरणारा साहेब, असं पेपरात आलं. एकदा माझ्याच दवाखान्यात त्या बाजूची एक बाई आली होती. दारावरचं आडनाव वाचलं आणि न दाखवता परत गेली. तिचे दात पिवळे, खाचा पडलेले. मला दारातून दिसले.” तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “बाबांनी मनानं आकडा घातला असेल तर तोही मला पाहू दे. पण मला नाही वाटत काकाजी. तुम्हाला वाटतं?”

“नाही,” शालिक म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

ती गेल्यावर त्यानं चहा सांगितला. चहा आला आणि निवला.

एकोणीसशे नव्याण्णवचा एप्रिल. शालिक बावीसचा, पहिलीच नोकरी. पाणी-तपासणीचा तीन वर्षांचा एक प्रकल्प, त्यात उद्धवराव लांजेवार रसायनतज्ज्ञ आणि शालिक त्यांचा मदतनीस. जिथे साहेबांना जमत नसे तिथे शालिक एकटा जीप घेऊन जाई. कामाची रीत ठरलेली. हातपंपाचं पाणी आधी नीट उपसायचं, मग दोन बाटल्या भरायच्या. एकीचं पाणी तिथंच मापकानं तपासून आकडा, तारीख आणि घालणाऱ्याची आद्याक्षरं यंत्रात नोंदवायची. दुसरी लेबल लावून पेटीत ठेवायची. दहातली एखादी बाटली साहेब कचेरीत पुन्हा तपासत. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर पंप लाल रंगवायचा, खाली निघालं तर निळा. रंगाचे डबे जीपमध्येच असत.

टेंभरडोहला एकच पंप. विहीर मार्चमध्येच आटलेली. मापकानं सहा पूर्णांक दोन दाखवलं. शालिकनं पुन्हा धुऊन पुन्हा तपासलं. सहा पूर्णांक दोन. त्यानं आकडा यंत्रात घातला आणि लाल डबा उघडला, तशा बाया गोळा झाल्या.

“लाल नका लावू जी साहेब. लाल पंपाच्या गावात पोरगी कोन देते? अन् आमच्या पोरी कोन करून नेते?”

“पायांना धरते पोराबाळांच्या, मावशी, हे पाणी.”

“पाय अजून सरळच हायेत ना? अक्षय तृतीयेले तीन लग्नं हायेत. नवरदेवाकडचे येतील, पंप पाहातील, परत जातील. लग्नं होऊ द्या. मंग लाल लावा, काळा लावा.”

आठवड्याचा प्रश्न होता. आठवड्यात काय होतंय, असं त्याला वाटलं. त्यानं यंत्र पुन्हा उघडलं. सहा पूर्णांक दोनच्या जागी शून्य पूर्णांक नऊ घातलं आणि पंप निळा रंगवला. लग्नं झाली की परत यायचं, आकडा सुधारायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. लग्नं झाली. मग मे गेला. जूनमध्ये प्रकल्प बंद पडला आणि यंत्र कपाटात गेलं. पंप निळाच राहिला, तेरा वर्षं.

साहेबांना काढलं तेव्हा तो पुढे झाला नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेला आणि सायकल वळवून परत आला. पुढं या गोष्टीचा एक साचा त्याच्या मनात तयार झाला: चूक झाली, पण दया म्हणून झाली; गावच्या पोरींसाठी झाली. त्या साच्यात ती ठेवली की झोप लागे. यादीवर साहेबांची अक्षरं आली ती सही करणारे तेच म्हणून, असं त्यानं धरलं होतं.

आता वाचणार होता तोही तोच. एका नोंदीखाली दुसरी निघेल, वर शून्य पूर्णांक नऊ, खाली सहा पूर्णांक दोन, खालच्यापुढं एस.व्ही. अशी अक्षरं. शालिक वासेकर.

दुरुस्ती आठ दिवस चालली. बॅटरी फुगून फुटली होती, तिचा क्षार आतल्या सर्किटच्या पाटीवर पसरून हिरवा झाला होता. तो त्यानं मऊ ब्रशनं, स्पिरिटनं एकेक रेघ करून धुतला. सुजलेले बारके कपॅसिटर काढून नवे बसवले. पडदा गेला होता. त्याच मापाचा एक त्यानं दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढला. बिजागरी पितळेची केली. कामात तो स्वतःला विसरे, आणि विसरला की हात आपोआप नीट चालत.

मग चकतीचा डबा राहिला. डब्याच्या पाठीवरची पाटी जळाली होती. तशीच दुसरी पाटी मिळाली, पण ती नुसती लावून भागणार नव्हतं. त्या काळी प्रत्येक चकती कारखान्यातून निघताना तिच्या स्वतःच्या खोडी, टोक कुठं किती सरकतं याचा तक्ता, पाटीवरच्या एका चिपमध्ये लिहून ठेवत. मसुराच्या दाण्याएवढी चिप. ती जुन्या पाटीवरून सोडवून नव्या पाटीवर लावल्याशिवाय चकती स्वतःलाच ओळखत नाही, आणि थरवाचकालाही काठ सापडत नाहीत.

चिप गरम हवेनं सोडवतात. हवा जास्त तापली, चार सेकंद जास्त लागली, की आतलं सगळं करपतं. बाहेरून काही दिसत नाही.

दुपारचे साडेबारा झाले होते. समोर बसस्थानकावर पांढरकवड्याची गाडी लागली होती आणि वाहक ओरडत होता. शालिकनं हवेची बंदूक हातात घेतली आणि आकडा चढवत नेला. तीनशे साठ. चारशे. चारशे ऐंशी. त्याला कोणी काही विचारणार नव्हतं. चिप गेली, बाळा, चाळीस वर्षांचं जुनं सामान, काय करणार. आणि ती म्हणेल, राहू द्या काकाजी, तुम्ही प्रयत्न केला. ती त्याला चहाही पाजेल.

तो तापलेलं टोक चिपच्या वर धरून उभा होता. एक वीतभर अंतर होतं.

त्याच्या डोक्यात त्या वेळी मोठं असं काही आलं नाही. चारशे ऐंशीवर चिप सोडवणं हे काम घाणेरडं आहे, एवढंच आलं. शिकाऊ पोरसुद्धा असं करत नाही. त्यानं आकडा खाली आणला, थांबला, चिमट्यानं चिप धरली, आणि ती अलगद सुटून आली. नव्या पाटीवर बसवताना त्याच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानं जोड दिला. चकतीनं दोनदा खरखर केली, आणि मग एकसारखी घूं घूं करत फिरू लागली.

त्यानं मृणालला निरोप पाठवला. ये. मी सांगणार आहे असं त्यात लिहिलं नाही, पण सांगायचं ठरवलं होतं. वाक्यं जुळवून ठेवली होती. दया हा शब्द त्यात दोनदा होता.

सोळा तारखेला ती आली. शालिकनं चकतीचा डबा थरवाचकाखाली ठेवला. आतली हवा गाळून घेणाऱ्या काचपेटीत त्यानं झाकण काढलं, सुई खाली आणली, आणि बारीक हिरवा उजेड चकतीवर थरथरला.

“किती वेळ लागतो?”

“एका नोंदीला पंधराएक मिनिटं. त्या वर्षी ऊन फार होतं. दांडा बराच सरकला असेल. काठ चांगले मिळतील.”

“म्हणजे उन्हाचे उपकार,” ती म्हणाली. ती घाबरली होती म्हणून बोलत होती.

पडद्यावर पहिली ओळ आली. टेंभरडोह, हातपंप एक, शून्य पूर्णांक नऊ, यू.एल., एकवीस मे.

“हीच यादीत होती,” मृणाल म्हणाली.

शालिक तारखेकडे पाहत होता. एकवीस मे. त्यानं आकडा बदलला होता तो बारा एप्रिलला.

खालची ओळ उमटू लागली. आकडा आधी धूसर होता, मग ठळक झाला. सहा पूर्णांक दोन. यू.एल. वीस मे.

मृणाल पडद्याजवळ सरकली. तिसरी ओळ आली. शून्य पूर्णांक नऊ, एस.व्ही., बारा एप्रिल. सगळ्यात खाली, सगळ्यात पुसट, चौथी. सहा पूर्णांक दोन, एस.व्ही., बारा एप्रिल.

शालिकनं दोनच थर धरले होते. चार निघाले.

“एस.व्ही. म्हणजे तुम्ही,” मृणाल म्हणाली.

“मी.” जुळवून ठेवलेली वाक्यं निघाली. ती त्यानं घाईनं सांगितली, बाया, लग्नं, रंगाचा डबा, सगळं. तिनं ऐकून घेतलं. पण तिचं लक्ष वरच्या दोन ओळींवरून हललं नव्हतं.

“तुम्ही बावीस वर्षांचे होतात,” ती शेवटी म्हणाली. “चुकलात. पण बाबा साहेब होते. वीस मेला त्यांना खरं कळलं होतं. पेटीतली दुसरी बाटली तपासली असेल. त्यांनी स्वतःच्या हातानं खरा आकडा घातला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडला.” तिनं तोंडावर हात ठेवला. “लोक बरोबर बोलत होते, काकाजी. मी उगाच अर्ज केला.”

दुकानात पंखा फिरत होता. शालिकला वाटलं, आपण नुसतं गप्प बसलो तरी चालेल. यंत्रानंच त्याचं ओझं उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं होतं, आणि तो दुसरा अकरा वर्षांपूर्वी चितेवर जळून गेला होता. बावीस वर्षांचा पोरगा, दया आली, चुकला. साहेबांनी पाहिलं आणि दडपलं. अठरा तारखेला असंच लिहिलं जाईल. पोरगीच तसं म्हणतेय.

आणि मग एकवीस मे त्याला आठवला. तो विसरला होता असं नाही. त्यानं त्या दिवसाला कधी काही किंमतच दिली नव्हती. दुपारची वेळ, कचेरीत वाळ्याचे पडदे, साहेब बाटल्यांच्या पेटीशी उभे. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

“मृणाल, इकडं ऐक,” शालिक म्हणाला. “साहेबांनी मला विचारलं होतं. शालिक, टेंभरडोहच्या बाटलीत काही वेगळं दिसतंय, तू नीट तपासलं होतं ना? मी म्हणालो, हो सर, दोनदा तपासलं. ती बाटली दुसऱ्या गावची असेल. पेटीत पाणी सांडलं होतं, लेबलं भिजून सुटली होती, मीच अंदाजानं परत लावली.”

“आणि?”

“लेबलं भिजली नव्हती. पेटीत काही सांडलं नव्हतं. लग्नं होऊन महिना झाला होता. तेव्हा मला कोणाची दया आली नव्हती, बाळा. नोकरी जाईल म्हणून बोललो. साहेबांनी आकडा बदलून ठेवला होता हे मला आत्ता कळतंय. माझ्या बोलण्यावर त्यांनी स्वतःचं मोजमाप खोडलं.”

मृणाल त्याच्याकडं वळली. मग तिचे डोळे भरून आले, आणि शालिकला वाटलं होतं त्याहून अगदी वेगळी गोष्ट झाली. ती उठली आणि त्याच्या पायांशी वाकली.

“काकाजी, तुम्ही देवमाणूस आहात. पण बाबांसाठी एवढं खोटं अंगावर घेऊ नका.”

तो इतक्या झटक्यानं मागं सरला की स्टूल उलटलं. “खोटं नाही! अगं, खोटं नाही हे!”

“याला पुरावा काय? हे कुठं लिहिलंय? इथं तर यू.एल. लिहिलंय. तुम्ही मला रडताना पाहिलं आणि गोष्ट रचली. बाबा तुमच्यावर माया करायचे, तुम्ही फेडताय. मला कळतं.”

बोललेल्या शब्दाचा काठ कोणत्याही चकतीवर राहत नाही. शालिकनं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं होतं आणि ते त्याच्या चांगुलपणात जमा झालं होतं. त्यानं डोळे मिटले. कचेरी, पडदे, साहेबांचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. ते नेमकं काय म्हणाले होते? काहीतरी म्हणाले होते. यंत्र उघडायच्या आधी मान हलवून म्हणाले होते.

“तू म्हणतोस ना? मग झालं,” शालिक म्हणाला. “असं म्हणाले. तू म्हणतोस ना, मग झालं. आणि चष्मा कपाळावर चढवून यंत्रापाशी बसले.”

मृणालचा चेहरा हळूहळू बदलला. पुसलेले डोळे कोरडे झाले.

“दहावीला मी पूर्वपरीक्षेचे मार्क खोटे सांगितले होते,” ती म्हणाली. “बाबांनी प्रगतिपत्रक मागितलंच नाही. हेच म्हणाले. तू म्हणतेस ना? मग झालं. घरात हे वाक्य कोणी वापरलं की आई चिडायची. म्हणायची, एक दिवस हे यांना खाईल.”

तिनं पडलेलं स्टूल उचलून सरळ केलं. त्यावर ती बसली नाही. पिशवीतून कोरे कागद काढून टेबलावर ठेवले.

“लिहा, वासेकर,” ती म्हणाली. “लेबलांचं आधी लिहा. लग्नांचं नंतर.”

अठरा तारखेला ती गाडी घेऊन आली. वणी ते टेंभरडोह पन्नास किलोमीटर. ती एकदाच बोलली: काच वर करा, धूळ येतेय.

चौकशी गावच्या शाळेत होती. समितीच्या बाई, एक टंकलेखक, आणि सतरंजीवर चाळीसेक माणसं. त्यांतले बरेच जण मांडी घालू शकत नव्हते. भिंतीला टेकून पाय लांब पसरून बसले होते. गुडघे आत वळलेले, नाहीतर बाहेर. शालिकनं एकेक चेहरा पाहायचं ठरवलं होतं. त्याला पायच दिसत राहिले.

त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. लेबलांचं आधी. कोणी ओरडलं नाही, हे त्याला फार जड गेलं. लग्नांशी आला तेव्हा त्याचा आवाज थोडा सैल झाला. म्हणाला, त्या दिवशी एका घरी मला जेवायला बसवलं होतं. ज्वारीची भाकर, कढी, कांदा. ज्या म्हातारीनं वाढलं तिला नाही म्हणवेना. तुमच्या गावचं मीठ खाल्लं आणि…

“सीताबाई टेकाम,” मागून एक जण म्हणाला. “माही आजी.”

बोलणारा दोन काठ्यांवर उभा राहिला. चाळिशी उलटलेला, खांदे पैलवानासारखे आणि कमरेखाली सगळं मुरडलेलं. अंकुश टेकाम, गावात पिठाची चक्की चालवणारा.

“मी दोन वर्साचा होतो तवा,” तो म्हणाला. “आजी सांगे, पंपवाला साहेब आपल्या घरी जेवला. लई कौतुक होतं तिले. तुमी जेवले ना आमच्या घरी?”

“जेवलो.”

“पोटभर?”

“पोटभर.”

“अन् पाणी कोनतं पेले?”

वर्गात सगळे शालिककडं पाहू लागले. मृणालसुद्धा. टंकलेखकाचे हात थांबले होते. शालिकनं कागद पाहिला. कागदात ते नव्हतं. कोणत्याच थरात ते नव्हतं. म्हातारीनं तांब्या पुढं केला होता, आणि त्यानं हसून, मावशी, नको म्हणत हात आडवा धरला होता.

“माझ्याजवळ बाटली होती,” तो म्हणाला. “वणीहून भरून आणलेली.”

अंकुशनं मान हलवली, एखादा फार जुना प्रश्न सुटावा तशी.

“हे बी लिवून घ्या, बाई,” तो समितीला म्हणाला, आणि काठ्या सावरत खाली बसू लागला. बसायला त्याला बराच वेळ लागला.